हरकीची मुळी आणि रक्तदाब

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे एक लहानसे गाव आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी तेथल्या आपल्या बंगलीत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कागदपत्रे चाळीत बसले होते, आणि समोर एक चित्रकर्ती त्यांचे चित्र काढीत होती. एक वाजून गेल्यावर त्यांनी डोके फार दुखत असल्याचे सांगितले आणि ते खुर्चीतच कोसळले. डॉक्टर धावत आले. त्यांनी रक्तदाब मोजला, तो निघाला ३०० वर १९०. साडेतीनच्या सुमारास सर्व आटोपले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि जगातले सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्र ज्याच्या हाती, त्या माणसाच्या रक्तदाबावर त्याच्या डॉक्टरांजवळ खरे म्हणजे औषधच नव्हते. वर्षभरापूर्वी, १९४४ च्या मार्चमध्ये, डॉक्टर ब्रून यांनी त्यांची तपासणी केली होती. हृदय वाढलेले होते, ते थकत चालले होते. थकल्या हृदयाला बळ देणारे डिजिटॅलिस त्यांनी दिले, मीठ कमी करविले, सिगारेटी कमी करविल्या, विश्रांती घ्यायला सांगितली. रक्तदाब मात्र चढतच राहिला. त्या काळी दुसरे उपाय होते ते असे की, पाठीतल्या मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी, नाहीतर रोग्याला नुसता भात आणि फळे खायला घालून ठेवावे.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायची ती आपली बोलण्याची रीत. गोष्ट गमतीची नाही. त्याच सुमारास आपल्याकडे बिहारातल्या बाजारांत रक्तदाब उतरवणारी एक मुळी उघड्यावर विकली जात होती. लोक तिला ‘पागल की दवा’ म्हणत, कारण भ्रमिष्ट माणसाला ती दिली की तो शांत होऊन झोपी जातो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर रूझवेल्ट यांच्या मृत्यूच्या चौदा वर्षे आधी, १९३१ साली, कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा वैद्यक जाणणाऱ्यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या मासिकात लेख लिहून ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असल्याचे जाहीर केले होते. तो लेख अमेरिकेत कोणी वाचला नाही. इंग्रजीत छापलेले सगळेच सगळीकडे पोहोचते असे आपल्याला उगीच वाटते!

ही मुळी म्हणजे सर्पगंधा. आपल्या कोकणात आणि घाटात तिला हरकी किंवा अडकई म्हणतात. हात-दीड हात उंचीचे झुडूप, एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ, त्यांचे देठ लाल, आणि पावसाळा सरता सरता हिरव्याची जांभळी-काळी होणारी लहान फळे. कण्हेर, सदाफुली, तगर, सातवीण यांच्याच कुळातली ही वनस्पती आहे. हिला ऊन फार सोसत नाही. मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेल्या ओलसर मातीत ती वाढते. हिमालयाच्या पायथ्याचे तराईचे जंगल, आसाम, ओरिसा, आणि इकडे सह्याद्रीची पश्चिम बाजू हे तिचे माहेर.

आपल्या गोव्याशीही तिचा जुना संबंध आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि तेथेच राहिला. मुंबई बेटसुद्धा काही काळ त्याच्याकडे खंडाने होते, बरं का. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरील पुस्तकात सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या लाकडांचे आणि मुळ्यांचे एक प्रकरण आहे. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी असली मुळी चघळतो ही लोकांची समजूतही त्यात आली आहे. त्यातली एक मुळी सर्पगंधेचीच, असे अभ्यासक मानतात. (येथे श्रोत्यांना एक सांगून ठेवतो. सर्पदंशावर या मुळीचा काही उपयोग नाही. साप चावला तर मुळी शोधण्यात वेळ न घालविता दवाखाना गाठावा.)

शास्त्रज्ञांनी तिला जे नाव दिले त्याची कथा मोठी विचित्र आहे. प्लूम्ये नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ साली या वनस्पतींच्या गटाला ‘राउव्होल्फिया’ असे नाव दिले, ते लेओनहार्ट राउव्होल्फ या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ १५७३ साली औषधी वनस्पती शोधायला निघाला आणि अलेप्पो, बगदादपर्यंत जाऊन माघारी फिरला. हिंदुस्थानात त्याने पाऊल टाकले नाही आणि ही वनस्पती त्याने बहुधा पाहिलीही नाही. ज्यांनी ती पाहिली, ओळखली, खणली आणि वाटून रोग्याला पाजली त्यांची नावे कोठल्याच ग्रंथात नाहीत. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हे नेहमी टोचते. पुढेही हेच चालू राहिले, ते आपण पाहूच.

१९३१ सालाकडे पुन्हा वळतो. कलकत्त्यात सेन आणि बोस यांचा लेख आला, त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी हे रसायनशास्त्रज्ञ याच मुळीतून निरनिराळी द्रव्ये वेगळी काढीत होते. तिब्बिया कॉलेज म्हणजे हकीम अजमल खान यांनी उभारलेली संस्था. तिचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले होते. हकीमसाहेब १९२७ साली वारले. त्यांची आठवण म्हणून सिद्दिकींनी मुळीतल्या एका द्रव्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. हे अजमलीन हृदयाच्या ठोक्यांची लय बदलते. हृदयाचा एक आनुवंशिक विकार असतो, ज्यात धडधाकट दिसणारा माणूस झोपेतच जातो. तो ओळखण्यासाठी आजही अनेक देशांत अजमलीन टोचून हृदयाचा आलेख काढतात. युरोपातल्या एखाद्या रुग्णालयात दिल्लीच्या हकिमाचे नाव रोज घेतले जाते, आणि आपल्या शाळांत ते किती मुलांना माहीत असेल? सिद्दिकी १९५१ साली पाकिस्तानात गेले, म्हणून आपण त्यांनाही विसरलो असे मला वाटते. पुढे १९३३ साली कलकत्त्यात कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनावरांवर प्रयोग करून मुळीने रक्तदाब उतरतो हे दाखवून दिले.

तरीही जगाचे लक्ष वेधायला मुंबईच यावी लागली. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी डॉक्टर. जन्म १९११ चा. विलायतेत शिकून ते परत आले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोगाचे काम पाहू लागले. देशी वैद्य ही मुळी देतात हे त्यांना ठाऊक होते, आणि विलायती पदवी मिळाली म्हणून त्यांनी तिच्याकडे नाक मुरडले नाही. मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वासही टाकला नाही. त्यांनी वर्षानुवर्षे रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. औषधापूर्वी रक्तदाब किती, नंतर किती, औषध थांबविल्यावर काय झाले, कोणाला काय त्रास झाला, हे सर्व टिपले. अशा पन्नास रोग्यांची हकीकत त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या लंडनच्या मासिकात छापली. लेख अवघा पाच-सहा पानांचा होता.

पण तो वाचला गेला. बोस्टन शहरातल्या डॉ. विल्किन्स यांनी आपल्या रोग्यांवर मुळीची भुकटी देऊन पाहिली आणि १९५२ साली वकिलांचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी, सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांनी मुळीचे मुख्य वीर्य वेगळे काढले. त्याला त्यांनी ‘रेसर्पिन’ म्हटले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी एका द्रव्याचा साठा असतो. ते द्रव्य सुटले की रक्तवाहिन्या आखडतात आणि हृदय जोराने धावू लागते. रेसर्पिन हा साठाच रिकामा करून टाकते. त्यामुळे वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पाण्याचा नळ आणि रबरी नळी यांचे उदाहरण देऊन शिक्षकांना हे मुलांना सहज समजावून सांगता येईल.

मग जे व्हायचे ते झाले. रक्तदाबाचे रोगी होतेच, त्यात १९५४ पासून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांतही हे औषध देऊ लागले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हे सर्व त्यांना मिळाले ते योग्यच झाले, त्यात शंका नाही. पण पुरस्काराच्या सभेत टाळ्या पडत होत्या तेव्हा बिहारच्या, तराईच्या आणि आपल्या घाटांतल्या जंगलांत काय चालले होते?

येथे थोडे गणित करू. रेसर्पिनचा डोस फार सूक्ष्म असतो. दिवसाला मिलिग्रॅमचा दहावा भाग धरला तर एक ग्रॅम रेसर्पिन एका माणसाला दहा हजार दिवस पुरेल, म्हणजे सत्तावीस वर्षे. वाटते, इतक्याशा औषधाने रानाचे काय बिघडणार? पण वाळलेल्या मुळीच्या हजार भागांत रेसर्पिन असते सुमारे एक-दीड भाग. म्हणजे त्या एक ग्रॅमला किलोभराच्या आसपास वाळलेले मूळ लागते, आणि किलोभर औषधाला जवळजवळ टनभर. वर्षाला माणशी तीसएक ग्रॅम मूळ म्हटले, तर रानातल्या लहानखुऱ्या झुडपाचा विचार करता, माणशी एखादे-दुसरे झाड दरवर्षी गेले असे समजा. आणि रोगी होते लाखांनी, साऱ्या जगात पसरलेले.

त्यातून हे मूळ आहे, पान नव्हे. रूझवेल्टना जे डिजिटॅलिस दिले होते ते विलायतेतल्या फॉक्सग्लव्ह नावाच्या झाडाच्या पानांतून निघते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. ते ज्ञानही त्याला एका खेडवळ म्हातारीच्या काढ्यावरून मिळाले होते, असे तोच सांगतो. आज त्याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीची शेते लावून पानांतून डिगॉक्सिन काढतात. पाने खुडली तरी पेरणी शेतात होते, बी धरता येते, पुढल्या वर्षी पुन्हा पाने येतात. रानाला कोणी हात लावीत नाही. सर्पगंधेचे तसे नाही. औषध बहुतेक सगळे मुळाच्या सालीत, तेव्हा झाड समूळ उपटल्यावाचून ते हाती येत नाही. मूळ चांगले पोसायला दीड ते तीन वर्षे लागतात. खणणारा येतो पावसाळा सरताना, माती मऊ असते म्हणून. आणि नेमकी त्याच सुमारास फळे पिकत असतात. बी जमिनीवर पडण्याआधीच झाड पोत्यात जाते. बी पडले तरी त्याचे कवच दगडासारखे कठीण, शंभरातली फार थोडी रुजतात. अशा झाडाला जगाची मागणी कशी झेपावी?

भारत सरकारच्या हे लवकर ध्यानात आले, हे सांगितले पाहिजे. १९५० च्या दशकातच कच्च्या मुळांच्या निर्यातीवर निर्बंध आले. त्याचा परिणाम दुहेरी झाला. परदेशी कंपन्या ब्रह्मदेशाकडे, सयामकडे आणि मग आफ्रिकेकडे वळल्या. आफ्रिकेत याच कुळीचे एक मोठे झाड कांगोपासून पश्चिमेपर्यंत वाढते, आणि त्याच्या मुळीत रेसर्पिन आपल्या सर्पगंधेपेक्षा अधिक असते. पुढे जगातले बरेचसे रेसर्पिन त्याच झाडापासून निघू लागले. म्हणजे कुदळ थांबली नाही, तिची जागा तेवढी बदलली. आणि येथे देशातल्या कारखान्यांसाठी व काढेवाल्यांसाठी खणणे चालूच राहिले. १९५६ साली हार्वर्डच्या वुडवर्ड यांनी प्रयोगशाळेत रेसर्पिन बनवून दाखविले. रसायनशास्त्रातला तो एक मोठा पराक्रम समजतात. पण तसे बनविणे इतके खर्चाचे होते की झाड खणणेच स्वस्त पडे. स्वस्त कोणाला, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

हे औषध खरोखर किती मोलाचे होते? अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत एक पाहणी केली. तिचा निकाल १९६७ साली लागला. ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना खरे औषध दिले आणि ७० जणांना नुसत्या पिठाच्या गोळ्या. खऱ्या औषधाच्या तीन घटकांत एक रेसर्पिन होते. पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर अर्धांग, हृदय थकणे यांसारखी गंभीर संकटे आली. औषध घेणाऱ्यांपैकी फक्त दोघांवर. रक्तदाब उतरविला तर माणूस वाचतो हे जगाला आकड्यांनी प्रथम असे ठसठशीत पटले, ते या मुळीच्या मदतीने. आज आपल्या गावातले आरोग्यसेवक घरोघर जाऊन दाब मोजतात, त्याचे एक मूळ तेथे आहे.

दोष नव्हते असे नाही. काहींचे नाक चोंदे, काहींच्या मनाला अशी उदासी येई की जीव नकोसा होई. म्हणूनच ही मुळी किंवा तिची गोळी कोणी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. १९७४ साली तिच्यामुळे स्त्रियांना कर्करोग होतो असा संशय व्यक्त झाला. पुढे तो टिकला नाही, पण औषधाचे नाव खराब व्हायचे ते झाले. तोवर नवी औषधे आली होती, आणि रेसर्पिन हळूहळू मागे पडले.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझे आजोळ सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. मी शाळकरी असताना, म्हणजे १९९० च्या आसपास, आजीच्या उशाशी एक पत्र्याचा डबा असे. त्यात कात, अडकित्ता आणि ‘अ‍ॅडेल्फेन’ नावाच्या गोळ्यांची पट्टी. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबावर दिलेली ती गोळी ती न चुकता घेई. याच आजीला गावातली लोकं पोटात मुरडा आला, ताप उतरेना, की ‘हरकी आहे का’ म्हणून विचारीत येत. एकदा मीच तिला विचारलं, हरकी म्हणजे काय गं? ती म्हणाली, “हरकी मां? ती वयल्या राईत होती. आता खंयची!” एवढं बोलून ती कामाला लागली.

पुढे अध्यापक झाल्यावर वैद्यकाच्या इतिहासावर एक व्याख्यान तयार करताना मला कळले की, अ‍ॅडेल्फेनमधले एक द्रव्य रेसर्पिन होते. म्हणजे ज्या मुळीला आजी नावाने ओळखत होती, जी तिच्या घरामागच्या राईतून नाहीशी झाली होती, तीच तिच्या उशाशी चकचकीत पट्टीत येऊन बसली होती, आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते. मला कळले तेव्हा आजी नव्हती. मी त्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो. वाडीतल्या एका म्हाताऱ्या गड्याने सांगितले की, त्याच्या तरुणपणी एक मुकादम घाटावरून येई, दिवाळीआधी दोन आठवडे माणसं लावी आणि पोती भरून नेई. “आम्हाला मजुरी मिळाली. मुळी कुठे जाते ते कोण विचारणार?” राईत आम्ही दोघे तासभर हिंडलो. एकही झाड दिसले नाही. त्या मुकादमाला किंवा त्या गड्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. दिवाळीच्या तोंडावर मिळालेल्या चार पैशांचे मोल ज्याचे त्याला ठाऊक. पण बाझेलच्या प्रयोगशाळेची प्रत्येक वही जपून ठेवली जाते, आणि आमच्या राईतून किती पोती गेली याची नोंद कोणाच्या दप्तरात नाही, हे खरे.

१९९० साली भारताच्या सूचनेवरून सर्पगंधेचे नाव धोक्यातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारात घातले गेले. त्यामुळे देशाबाहेर व्यापार करायचा तर सरकारी परवाना आवश्यक झाला. रानातून खणलेल्या मालाच्या निर्यातीला आपल्या सरकारनेही बंदी केली. शेतात लावलेली असेल तर दाखला घेऊन तिची औषधे बाहेर पाठवता येतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमून आपल्या रानातल्या औषधींची नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. पुष्कळ गावांत ही वही शिक्षकांच्याच हातून लिहिली जाते. ती लिहिताना म्हाताऱ्या बायकांना जरूर विचारावे, अशी माझी विनंती आहे. त्यांना ठाऊक असलेली नावे छापील यादीत बहुधा नसतात.

कोणी म्हणेल, आता रक्तदाबाची औषधे कारखान्यात बनतात, तेव्हा झाडांची चिंता कशाला? विचार बरोबर आहे, पण अपुरा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात रक्तदाबाचे सुमारे साडेएकतीस कोटी लोक आहेत. इतक्यांना मुळी पुरविणे कोणत्याही रानाला शक्य नाही, कारखाने हवेतच. पण हैदराबादजवळ पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करण्याचे केंद्र आहे. २००७ साली संशोधकांनी तेथून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात इतर औषधांबरोबर लोसार्टन आणि मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाची औषधेही मोठ्या प्रमाणात सापडली. शुद्ध करून सोडलेल्या पाण्याची ही गोष्ट आहे. त्या पाण्याच्या ओघावर खालच्या अंगाला गावे आहेत, विहिरी आहेत, भातखाचरे आहेत. मुकादम गेला, आता नळ आला, एवढाच फरक.

सर्पगंधेची लागवड आता अशक्य राहिलेली नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी वनस्पती संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी तिच्या चांगल्या जाती तयार केल्या आहेत. बी ताजे असले तर अधिक रुजते. ते दिवसभर पाण्यात भिजत घालावे, तरंगेल ते टाकून द्यावे, बुडालेले मे महिन्यात सावलीच्या वाफ्यात पेरावे आणि पाऊस लागला की रोपे हलवावीत. मुळांचे तुकडे लावूनही रोपे होतात. आंबा, काजू यांच्या बागेत झाडांच्या सावलीत ती बरी येते. फसवणुकीपासून सावध राहावे लागते. हिची एक मोठी बहीण रस्त्याकडेला आणि बागांतून तणासारखी वाढते. तिला हिंदीत बडा चांद म्हणतात, आणि काही व्यापारी तिचेच मूळ सर्पगंधा म्हणून खपवतात. म्हणून रोप घेताना ते वनखात्याच्या किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या मागच्या बाजूला, फणसाखाली, मुलांनी असा एक वाफा केला. चाळीस बिया बुडाल्या त्या पेरल्या. त्यांतल्या नऊ उगवल्या, दोन गोगलगाईंनी खाल्ल्या. उरलेल्या सातांपैकी चार रोपे मी गेल्या जूनमध्ये आजोळी नेऊन वरच्या राईत लावून आलो. तो गडी आता फार थकला आहे, पण काठी टेकीत वर आला. पान चुरगळून त्याने नाकाशी धरले आणि म्हणाला, हीच ती.